हाळीतलं मरण

परभणीत आजही कुणीतरी म्हणतं, हाळी मोबाईलने मारली. व्हॉट्सअ‍ॅप आलं, पेपर कोण वाचतो, चालायचंच. असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. मोबाईल घरोघरी पोचला तेव्हा हाळीने आधीच अंथरूण धरलं होतं आणि दुखणं घरचंच होतं. मी त्या पेपरात टायपिंगला लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि शेवटचा अंक लावला तेव्हा माझी वैष्णवी कॉलेजात जात होती. मधल्या सगळ्या वर्षांत मालकाला मी चढताना पाहिलं आणि उतरतानाही पाहिलं. म्हणून मीच सांगते. दुसरं कुणी सांगेल तर हसत हसत सांगेल, आणि ते मला खपणार नाही.

मालकाचं नाव येडबा. येडबा सोन्नर. त्याची आई केवळाबाई. तिचे आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले, मग हा झाला. चांगलं नाव ठेवलं तर दृष्ट लागेल, म्हणून तिने मुद्दाम येडबा ठेवलं. पुढे पेपर निघाला तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी सल्ला दिला, की संपादकाचं नाव असं कुठे असतं, निदान वाय. के. सोन्नर तरी छापा. भाऊ म्हणाले, "माय ज्या नावानं हाका मारती त्याच नावानं पेपर निघंल." आणि निघाला. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. येडबा म्हणणाऱ्या जगात दोघीच होत्या, एक माय आणि दुसरी बोरीला दिलेली थोरली बहीण बायनाबाई.

घर मेंढरांचं. पालमजवळच्या वाडीत चार पत्र्यांखाली माणसं आणि बाजूला वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं. भाऊ जेमतेम शिकले आणि पूर्णा स्टेशनावर पेपर विकायला लागले. मोठ्या शहरातले पेपर गाडीने उतरायचे. गठ्ठा खांद्यावर टाकून हे फलाटावर ओरडत फिरायचे. मी पूर्णेचीच, माझे वडील रेल्वेत गँगमन. ते सांगायचे, की या पोराचा आवाज इंजिनाच्या शिट्टीवर चढायचा.

मग भाऊंचे वडील वारले. आपण इतकी वर्षं ज्यांचा पेपर विकतो, त्यांनी बापाची बातमी छापावी असं भाऊंना वाटलं. ते शहरात त्या कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसाने विचारलं, "मयताचं पद काय होतं?" भाऊ म्हणाले, "मेंढरं राखायचे." तो माणूस हसला आणि जाहिरातीचे दर लिहिलेला कागद त्याने पुढे सरकवला. भाऊ तो प्रसंग आम्हाला कितीदा सांगायचे आणि शेवटी दर वेळी तेच विचारायचे, "मेंढरं राखणं ह्ये पद न्हाई का, राजेश्री?" मी म्हणायचे, आहे भाऊ. दुसरं काय म्हणणार? आणि खरंच आहे.

त्या रागातून पालमला साप्ताहिक निघालं. एका शेतातून दुसऱ्या शेतात जी हाक मारतात ती हाळी, तेच नाव. पहिल्या पानावर काय असायचं ते कुणालाच आठवत नाही, पण शेवटचं पान सगळ्यांना आठवतं. त्यावर सदर होतं, 'गेलेली माणसं'. कुणीही जावो, मालदार, मजूर, कुठल्याही जातीचा, त्याचं नाव, गाव, तेरवी कधी आणि त्या माणसाबद्दल एक वाक्य. पैसे घ्यायचे नाहीत, पद विचारायचं नाही. "हिच्या हातचं पिठलं गाव विसरणार नाही." "याने खोदलेल्या विहिरीला पाणी लागलंच." असली वाक्यं भाऊ स्वतः लिहायचे, आणि त्यासाठी गावातल्या माणसांना खोदून खोदून विचारायचे. लोक ती कात्रणं देव्हाऱ्यात ठेवायचे.

साप्ताहिकाचं दैनिक झालं, पालमचं बिऱ्हाड परभणीला आलं आणि मी कामाला लागले. आता तेरवीच्याच नव्हे, मातीच्या, म्हणजे अंत्यविधीच्याही खबरा यायला लागल्या. गावोगावचे एजंट एसटीडी बूथवरून फोन करायचे आणि संध्याकाळी गेलेला माणूस सकाळी हाळीत यायचा. पाहुणे पेपर वाचून थेट एसटी पकडायचे. हाळीने कुणाच्या मातीला माणूस कमी पडू दिलं नाही. 'हाळीत आलंय' म्हटलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही.

मग काय विचारता! जिंतूरची आवृत्ती वेगळी, गंगाखेडची वेगळी, संध्याकाळचा एक छोटा पेपर, वर केबलचं चॅनेल. ज्यांच्या नावाने रस्त्यांवर कमानी लागायच्या ते पुढारी भाऊंच्या केबिनबाहेर बाकावर ताटकळायचे. भाऊंच्या वाढदिवसाला कुणीतरी फ्लेक्स लावला, 'वृत्तपत्रसम्राट'. त्यावर काळा चष्मा लावलेले भाऊ बोट वर करून उभे. मी म्हटलं, "भाऊ, फलाटावर कोणती गाडी आली ते दाखवायलात का?" हसले खरे, पण फ्लेक्स उतरवायला सांगितलं नाही. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आले, गाडी आली, आणि वाक्यं लिहायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. ते मला तेव्हाच खटकलं होतं.

आता कावळ्याचं सांगते.

एमआयडीसीत नव्या इमारतीत नवं रंगीत मशीन आलं, त्याचा कार्यक्रम होता. खाली मंत्री, आमदार, गच्चीवर जेवणाच्या पंगती. केवळामायला नवं लुगडं नेसवून मानाने खुर्चीत बसवलेलं. भाऊ वाढप बघायला म्हणून गच्चीवर फिरत होते, उष्ट्या पत्रावळ्यांवर कावळे जमले होते. त्यातला एक उडाला आणि भाऊंच्या डोक्याला पंख घासून गेला. टोपी खाली पडली. माणसं हसली. माय हसली नाही. तिने समोरचं ताट बाजूला सारलं.

आमच्याकडे कावळा डोक्याला शिवणं म्हणजे मरणाची खूण. त्यावर तोडगाही ठरलेला. ज्याला शिवला त्याच्या जवळच्या माणसाला, तो मेला म्हणून खोटा सांगावा धाडायचा. ते माणूस खरं समजून एकदा रडलं की अरिष्ट त्या रडण्यात वाहून जातं. लगेच खरं काय ते सांगायचं, गूळ वाटायचा, हसायचं. घटकाभराचं काम. माझ्या आजोळी मी हे पाहिलेलं आहे.

"बायनाला सांगावा धाड," माय म्हणाली. "तिनं एकडाव रडलं पायजे."

"माय, खाली मोठमोठे लोकं बसलेत."

"बसू दे की. माझे दोन गेलेत, येडबा. तिसरा न्हाई द्यायची मी."

तिने दिवसभर पाणीही घेतलं नाही. भाऊंनी सरळ कुणाला तरी एसटीत बसवून बोरीला धाडायचं होतं. दारात जाऊन दोन शब्द बोलायचे आणि गूळ खाऊन परत यायचं. पण संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "राजेश्री, घे. गेलेली माणसं. येडबा सोन्नर, हाळीचे संपादक."

मला वाटलं चेष्टा आहे. "भाऊ, कायतरीच. माणूस धाडा की."

"माणूस कशाला? आक्का रोज हॉटेलातली हाळी हरिओमकडून वाचून घेती." हरिओम म्हणजे बायनाबाईंचा मुलगा. "आपल्याच पेपरातून कळू दे तिला. फक्त जिंतूरच्या आवृत्तीत टाक, बोरीला तीच जाती. उद्या खुलासा छापू."

"आन् बाकीचे लोक वाचतील त्याचं काय?"

ते खुर्चीत मागे रेलले. "वाचू दे. आपल्या मातीला किती माणूस येतंय, ते जितेपणी कुणाला बघायला मिळतं का?"

मायसाठी म्हणून निघालेली गोष्ट कुठे जाऊन पोचली ते माझ्या लक्षात आलं, आणि वाईट वाटलं. आमचे मशीनवाले पंडितकाका वर आले. म्हातारा माणूस, पालमपासून सोबत. ते म्हणाले, "भाऊ, या सदरात आजवर खोटं नाव टाकलं न्हाई आपुन."

"माझंच नाव हाय की, पंडितराव. दुसऱ्याचं कुठं टाकायलाव?"

पंडितकाका खाली मशीनकडे निघून गेले. स्वतःबद्दलचं वाक्य भाऊंनी स्वतः सांगितलं, खोडलं, पुन्हा सांगितलं. कितीतरी दिवसांनी ते त्या सदराजवळ असे मन लावून बसले होते, ते स्वतःसाठी. फोटोही स्वतः निवडला, चष्म्याचा.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून बोरी, जिंतूरकडून जीपा, टेम्पो, मोटारसायकली यायला लागल्या. डोक्याला पंचे बांधलेली माणसं, पदर तोंडाला लावलेल्या बाया. रस्ता भरला. भाऊ केबिनच्या काचेआडून बघत होते आणि चेहरा असा फुललेला, की मला त्यांच्याकडे बघवेना. मग ते गुळाचं ताट घेऊन दारात आले आणि म्हणाले, "या, या. कावळा शिवलता!"

काही जण हसले, हे खोटं नाही. एकाने शिट्टी मारली. बरेचसे मात्र नुसते उभे राहिले. पुढे आश्रुबा नावाचा एक मेंढपाळ उभा होता. त्याची बायको गेली तेव्हा पिठल्याचं ते वाक्य भाऊंनी लिहिलं होतं. त्याच्यासमोर ताट आलं तर त्याने हात मागे घेतले. "भाऊ, आमी खरं समजून रडलाव," एवढंच म्हणाला आणि फाटकाबाहेर जाऊन एसटीची वाट बघत बसला.

बायनाबाई आल्या त्या अनवाणी. घरातून निघताना चपलेचं भान राहिलं नव्हतं. भाऊंना बघितल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं, गाल, कपाळ, डोकं. मग आजूबाजूला बघितलं. एवढी गर्दी आपल्यासारखीच फसून आली आहे हे त्यांना कळलं आणि चेहरा बदलला.

"येडबा, ह्ये माझ्या एकटीचं रडणं व्हतं. गावाला कामून रडवलंस?"

"आक्का, जरा गंमत..."

"मौतीची?"

त्यांनी नळावर तोंड धुतलं, आत जाऊन मायला भेटल्या आणि गूळ न घेता परत गेल्या. माय मात्र त्या दिवशी पोटभर जेवली. तिच्या दृष्टीने सगळं रीतसर झालं होतं.

खुलासा छापला, चांगला हसरा छापला. पण लोकांची जीभ कुणी धरायची? महिन्याभरात बोरीच्या हॉटेलात कुणी म्हणालं की अमका गेला, हाळीत आलंय, की दुसरा म्हणायचा, "हाळीत आलंय? मंग आधी बघून या." तिथून ते बोलणं जिंतूरला गेलं, जिंतूरहून परभणीला. ज्यांना ज्यांना कावळा शिवला ते आमच्या दारात यायला लागले, साहेब, आमचंबी छापा. नाही म्हटलं की चिडायचे, "तुमचाच कावळा तेवढा मानाचा का?" आणि मग एक दिवस पूर्णेकडचा एक माणूस आला आणि केबिनमध्ये न जाता माझ्याच टेबलासमोर उभा राहून रडला. त्याच्या काकाची बातमी आम्ही छापली होती. घरच्यांनी वाचली आणि कावळा असेल म्हणून गुळाची वाट बघत बसले. तिकडे माती उरकली.

भाऊंनी उपाय काढला. प्रत्येक नावावर छापायचं, 'खात्रीलायक'. मी हात जोडले, म्हटलं नका करू. केलंच. पोरं चौकात ओरडून वाचायला लागली, "खात्रीनं मेलेले!" त्यानंतर एकेका गावाने हाळी बंद केली. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं एजंट सांगायचा, गठ्ठा कमी करा. गंगाखेडची आवृत्ती गेली, चॅनेल गेलं, संध्याकाळचा पेपर गेला. केबिनबाहेरच्या बाकावर पुढाऱ्यांऐवजी आमचे डबे राहायला लागले. भाऊंनी चष्मा काढून ठेवला आणि पुन्हा स्वतः वाक्यं लिहायला बसले. सुंदर लिहायचे हो. वाचायला कुणी नव्हतं.

अशा दिवसांत केवळामाय गेली. म्हातारपणच होतं, दिवेलागणीला परभणीच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत माती द्यायची ठरली. तोवर आमच्या सगळ्यांकडे मोबाईल आले होते. मी म्हटलं, "भाऊ, मी एकेकाला फोन लावते."

"न्हाई." इतक्या दुःखातही त्यांचा आवाज चढला. "कुणाला फोन न्हाई करायचा. माझी माय हाळीत येईल. पहिल्या पानावर."

त्यांनी वाक्य लिहिलं. "हिने दोन लेकरं पुरली आणि तिसऱ्याला जगाच्या नजरेपासून लपवून वाढवलं." मी ते टाईप करताना डोळे पुसत होते. खात्रीलायक हा शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकला. मला कळलं, त्यांनी आईच्या मातीवर सगळं लावलं आहे. लोक आले तर हाळी जिवंत, नाही आले तर संपलं.

आमच्या हपिसातल्या गोपाळने न राहवून सकाळी चोरून बोरीला फोन लावला. हरिओमने उचलला. गोपाळ म्हणाला, "तुमची आजी गेली." तिकडून हरिओम हसला, "आता मामाला कुठं शिवला कावळा?" गोपाळ शपथा घ्यायला लागला तर मागून बायनाबाईंचा आवाज आला, "ठेव रे त्यो फोन. एकडाव रडले तेवढं बास झालं." फोन बंद झाला, नंतर लागलाच नाही.

वाडीत मायला अंगणात ठेवलं होतं. भाऊ उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत होते. पालमची एसटी आली, दोघं-तिघं उतरले, ते बाजारकरू निघाले. दुपार झाली. म्हातारी माणसं म्हणायला लागली, आता उचला. भाऊ म्हणायचे, "येऊ द्या अजून एक गाडी." ती आली, रिकामी गेली. वाडीतली माणसं आणि हपिसातले आम्ही, खांद्याला पुरेल इतकेच होतो. बाहेरगावचा एकच आला, आश्रुबा. थकलेला, काठी टेकत. भाऊंनी त्याला मिठी मारली. तो मायच्या चेहऱ्याकडे बघून खाली बसला आणि म्हणाला, "भाऊ, खोटं आसंल म्हणून आलतो मी."

बायनाबाईंच्या शेजारणीची, धुरपताबाईंची लेक पालमला दिलेली. त्या लेकीकडून परतल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, अगं तुझी माय खरंच गेली, माती द्यायला जाताना मी माणसं बघितली. बायनाबाई तशाच निघाल्या. आम्ही राख सावडून येऊन अंगणात टेकलो होतो तेव्हा त्या आल्या. मला वाटलं हंबरडा फोडतील, भावाच्या अंगावर धावून जातील. त्या भाऊंच्या समोर मातीत बसल्या. डोळे कोरडे.

"हाळीत आलं व्हतं," त्या म्हणाल्या, "म्हणून न्हाई आले."

भाऊंनी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, की भाऊंना उठवलंही नाही.

"तोंड कसं व्हतं मायचं? जाताना?"

भाऊ सांगायला लागले. शेवटी दूध पाजलं, दोन घोट गिळले, बायना कुठं हाय म्हणून विचारलं, मग झोप लागल्यासारखी गेली. तोंडावर जराही त्रास नव्हता. ते बोलत होते, रडत होते, आणि बायनाबाई त्यांच्याकडे न बघता आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. शेवटी त्या माझ्यावर थांबल्या.

"बाई," त्यांनी मला विचारलं, "यो खरं सांगायलाय का?"

मायच्या उशाशी तेव्हा मी होते. मी म्हटलं, "खरं आहे, आक्का."

तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, आणि भाऊ तिथेच बसून राहिले.